‘वाढवणे’ या शब्दावर ठेवलेले भिंग

मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, लाकडी मूठ, आणि कडेला एक टवका उडालेला. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की भिंग म्हणजे गरीब स्वभावाची वस्तू. तसे काही नाही. मला राग येतो, आणि ही हकीकत मी रागातच सांगणार आहे.

जिच्या हातात मी वर्षानुवर्षे होतो ती बाई गेल्याचे कळले त्या दिवशी मी शब्दकोशाच्या कार्यालयात तिच्या टेबलावर होतो. माझ्याखाली एक कार्ड होते आणि कार्डावर एकच शब्द होता, ‘वाढवणे’. दवाखान्यात जाताना वाटेत कार्यालयात थांबून ती मला त्या शब्दावर ठेवून गेली होती. “याला कुणी हात लावायचा नाही, आले की पुढचं बघते,” असे तिने सगळ्यांना बजावले होते. सकाळी फोन वाजला. तो तिच्या मोठ्या भावाने उचलला. हा भाऊच कोशाचा संपादक. तो “हं” म्हणाला, मग “कधी?” म्हणाला, आणि मग नुसता ऐकत राहिला. फोन ठेवून तो तिच्या टेबलापाशी आला. रडला नाही. त्याने मला उचलले, खालचे कार्ड काढून खिशात घातले आणि मला ड्रॉवरमध्ये टाकले. ठेवले नाही, टाकले. टाचण्यांच्या डब्यावर आपटून माझा टवका उडाला तो तेव्हाच.

त्या दिवसापासून माझे त्याच्याशी वैर आहे.

आधी माझी ओळख करून देतो. मी मुळात काचेचा एक जाड तुकडा. एका कारागिराने मला लोखंडी वाटीत ठेवून ओल्या वाळूने घासले. जाड वाळू झाली की बारीक वाळू, ती झाली की त्याहून बारीक. मधून मधून तो मला उजेडाकडे धरी आणि शिव्या देई. पोट दोन्ही बाजूंनी सारखे फुगीर झाल्यावर त्याने मला एका छापील कागदावर धरले, वाकून पाहिले आणि म्हणाला, “हां, आता खोटं बोलत नाहीस.” आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी. मी अक्षर मोठे दाखवतो, पण त्याला पदरचा कानामात्रा लावत नाही. ज्याचा काना मोडलेला असेल त्याचा मोडलेलाच दाखवतो. एवढाच माझा धर्म, आणि तो मी कधी सोडला नाही.

माझे पहिले घर मला आठवायला नको वाटते. तिथे तुमच्यासारखीच मुले होती. ती मला उन्हात नेत आणि मुंग्यांवर धरत. मुंगी पळायला बघे, मुले हसत. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी असे केले असेल तर पुढचे वाचू नका. माझे तुमच्याशी काही काम नाही.

तिथून मी जुन्या सामानाबरोबर विकला गेलो आणि एका छापखान्यात पोहोचलो. तिथला जुळारी म्हणजे शिशाचे खिळे जुळवून ओळी करणारा माणूस. एकेक अक्षर खणातून उचलायचे, उलटे, आरशात दिसावे तसे लावायचे, ओळ भरली की दोऱ्याने पान बांधायचे. तो मोडकी वेलांटी, झिजलेला काना माझ्यातून शोधायचा. कमी बोलणारा माणूस. बोलला तर असे बोलायचा की समोरच्याने पुन्हा विचारू नये.

कोशाची पाने त्याच छापखान्यात छापली जात. त्यामुळे एकदा कच्ची पाने तपासायला ती आली. तिने टेबलावरून मला उचलले आणि ती बारीक टाइपात बुडून गेली. जायची वेळ झाली तेव्हा मी तिच्या पिशवीत होतो.

“बाई, भिंग,” जुळारी म्हणाला.

“कोणतं भिंग?”

“पिशवीतलं.”

“अगंबाई! सवयीनं टाकलं. पण आता टाकलंच आहे तर राहू द्या की दोन दिवस. हवं असेल तेव्हा कार्यालयात येऊन घेऊन जा.”

तो मला घ्यायला गेला. मला न घेताच परत आला. मग पुन्हा गेला. असे इतक्या वेळा झाले की शेवटी तिच्या भावाने विचारले, “भिंग न्यायला येता की बघायला?” त्यावर जुळारी म्हणाला, “तुमच्या बहिणीला विचारा.” तिने उत्तर दिले आणि त्यांचे लग्न झाले. मी मात्र तिच्या टेबलावरच राहिलो. भाऊ जुळाऱ्याला भाऊजी म्हणू लागला आणि जुळारी त्याला दादा. पण दोघांचे कधी जमले नाही. एकाला वाटे, या माणसाने आपली बहीण नेली. दुसऱ्याला वाटे, हा माणूस तिला सुट्टीच्या दिवशीही सोडत नाही.

आता तिच्या कामाविषयी. हा कोश अक्षरांच्या क्रमाने नव्हता, अर्थांच्या गटांनी होता. एक गट पाण्याचा, एक भांडणाचा, एक चालण्याचा. तिच्या वाट्याला आला तो लहानाचे मोठे करणाऱ्या शब्दांचा गट. भाऊ तिला लहानपणापासून ‘बारकी’ म्हणायचा. “मोठं करायचे शब्द बारकीला दिलेत, देवाची करणी,” असे म्हणून तो स्वतःच हसला होता. ती हसली नाही. तिने मला उचलले आणि जुन्या पोथ्यांच्या आणि जुन्या कोशांच्या बारीक अक्षरांत शिरली. अनेक वर्षे आम्ही तिथेच होतो.

शब्द कुठून आले ते शोधायचे, हे तिचे वेड. घरी जेवतानाही तेच. मला ती घरी नेत असे, म्हणून मला माहीत.

“ऐकलंत का, ‘विस्तार’ आणि ‘अंथरूण’ एकाच घरातले निघाले.”

“वाढ आधी,” जुळारी ताट पुढे करून म्हणायचा.

“दोन्ही ‘स्तृ’ या धातूपासून. स्तृ म्हणजे पसरणं. विस्तार म्हणजे चहूकडे पसरलेलं. अंथरूण म्हणजे खाली पसरलेलं.”

“म्हणून तू अंथरुणावर पुस्तकं पसरतेस होय.”

“आणि ‘ताणणे’. तन् म्हणजे ओढून लांब करणं. त्यातूनच तंतू. त्यातूनच संतान, म्हणजे ताणत ताणत पुढे नेलेला धागा. आणि ‘तनु’ म्हणजे बारीक, ओढून ओढून पातळ झालेलं. बघा, लांब करायला गेलं की जाडी जाते.”

लेक तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, “आई, मग मी तुझा ताणलेला धागा का?”

“तू माझा तुटायला आलेला धागा आहेस. जेव मुकाट्याने.”

असे ते घर होते. मोठे करणारा प्रत्येक शब्द वेगळ्या रीतीने मोठे करतो, हे तिने मला शिकवले. रुंदावले की बाजूंना जाते. फुगले की आत हवा असते; ‘फुगणे’ कुठून आले ते तिला सापडले नाही, तिने प्रामाणिकपणे लिहिले, ‘मूळ अनिश्चित’. माझ्या नावाचेही तेच. ‘भिंग’ शब्दाच्या मुळाबद्दल तिची खात्री होईना, तेव्हा तिने मला टेबलावर उलटे केले आणि म्हणाली, “तू पण बेवारस.” मला त्याचे वाईट वाटले नाही. खोटे बाप चिकटवण्यापेक्षा ते बरे.

आणि ‘वाढणे’. हा शब्द ‘वृध्’ या धातूपासून आला. त्याच घरात वृद्धी, वर्धन आणि वृद्ध. वृद्ध म्हणजे मुळात वाढलेला. परसातला भोपळाही वाढलेला आणि नव्वदीचे आजोबाही वाढलेले. इथपर्यंत सगळे सरळ होते.

पण लोक असेही म्हणतात की दिवा वाढवला, बांगडी वाढली. तिथे वाढणे म्हणजे विझणे, फुटणे. सगळे जाणकार सांगत की हे शुभ बोलणे आहे. वाईट शब्द तोंडातून काढू नये म्हणून उलटा शब्द वापरतात. ती हे मानत होती, पण पूर्ण नाही. कारण संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत ‘वर्ध्’ असा आणखी एक धातू आहे, आणि त्याचा एक अर्थ दिला आहे कापणे. सुताराचे एक जुने नाव ‘वर्धकि’, तेही याच कापण्यातून आले असे म्हणतात. तिने विचार केला की आजही एखादा सुतार ‘फळी वाढव’ म्हणजे ‘फळी काप’ असे बोलत असेल, तर कापणारा ‘वाढवणे’ वेगळा शब्द ठरेल. मग कोशात एक नोंद न करता दोन कराव्या लागतील. पण त्यासाठी कुणाच्या तरी तोंडून ते ऐकायला हवे.

इथे त्या कार्यालयाचा एक नियम सांगतो, कारण पुढचे सगळे भांडण त्याच्यावरून झाले. त्याला ते ‘दोन कानांचा नियम’ म्हणत. बोलीतला एखादा अर्थ कोशात घ्यायचा असेल तर तो कार्यालयातल्या दोघांनी, वेगवेगळा, आपल्या कानांनी ऐकलेला हवा. कार्डावर तळाला दोन रकाने असत, पहिला कान आणि दुसरा कान; त्यांतली नावे कोशातही नोंदीखाली छापली जात. आणि पहिल्याने दुसऱ्याला काय ऐकले ते आधी सांगायचे नाही. का? तर सांगितले की दुसऱ्याचा कान बिघडतो. मग तो जे सांगितले तेच ऐकतो. हा नियम भावाने केला होता, आणि तो मोडणाऱ्याला तो कार्यालयाबाहेर काढायचा. सगळ्यांत कडकपणे पाळायची ती बारकी.

म्हणून ती सुतारांच्या दारोदार फिरली. मी पिशवीत असायचो. एका सुताराच्या शेडमध्ये तर भुसा माझ्या कड्यात गेला.

“काका, ही फळी छोटी करायची असेल तर तुम्ही काय म्हणता?”

“कापतो म्हणतो.”

“आणखी काही? तुमचे आजोबा काय म्हणायचे?”

“आजोबा म्हणायचे, नीट काप. बाई, तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय ते सांगा, मी म्हणून दाखवतो.”

“मी सांगितलं तर चालत नाही ना.”

“मग मी काय करू? फळी सांगते तसं बोलू?” शेडमधले सगळे हसले. ती पण हसली आणि पुढच्या शेडकडे निघाली.

त्यांचे वडील सुतार होते, हे तुम्हाला सांगायचे राहिले. भावाचे आणि तिचे. तेव्हा जुळारी तिला एकदा म्हणाला, “तुझे बाबा काय म्हणायचे?”

“आठवत नाही हो. त्यांचा आवाज आठवतो, करवतीचा आठवतो. शब्द नाही आठवत. मी फार लहान होते.”

“दादांना विचार. ते मोठे होते.”

“दादाला कसं विचारणार? त्यानं सांगितलं की माझा कान गेला. आणि तो सांगणारही नाही. नियम त्याचाच आहे.”

“नियम गेला खड्ड्यात. बहीणभाऊ आहात की पोलीस?”

“दोन्ही,” ती म्हणाली.

मग तिचे पाय सुजू लागले. आधी संध्याकाळी, मग दिवसभर. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती घरी अंथरुणावर पाय वर करून बसली होती. जुळारी तिचे पाय दाबत होता.

“‘सूज’ माझ्या गटात हवी होती,” ती म्हणाली. “सूज आणि शून्य दोन्ही ‘श्वि’ या एका धातूतून आलेत. फुगणं. जे फुगतं ते आतून रिकामं असतं, म्हणून शून्य. ते एवढं लिहायचं राहिलं.”

“आल्यावर लिही.”

“आणि ‘वाढवणे’.”

“आल्यावर.”

ती आली नाही. हे मी सुरुवातीलाच सांगितले.

काही दिवसांनी जुळारी कार्यालयात आला. अंगात इस्त्री नसलेला सदरा. भावाच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, “तिचं भिंग द्या.”

“भिंग कार्यालयाचं आहे, भाऊजी.”

“छापखान्यातून आलंय. माझ्या खणातून.”

“तेव्हापासून किती काळ गेला, मोजलंय का?”

“तुम्ही मोजा. मला भिंग द्या.”

भावाने ड्रॉवर उघडून मला टेबलावर सरकवले. जुळाऱ्याने टवक्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला थोडे रक्त आले. “हे कुणी केलं?” त्याने विचारले. भावाने ड्रॉवर लावून घेतला. तो मला खिशात घालून निघून गेला, आणि तेव्हापासून मी त्याच्या खिशात आहे.

नंतर शोकसभा झाली. कार्यालयाचीच मोठी खोली, टेबले भिंतीला लावलेली, खुर्च्यांच्या रांगा. भाऊ बोलायला उभा राहिला. मित्रांनो, मोठे करणाऱ्या शब्दांवर जन्म घालवलेल्या बाईला लोकांनी त्या दिवशी किती मोठे केले ते मी खिशातून ऐकले. कुणी तिला विदुषी म्हणाले, कुणी ज्ञानाचा महासागर. तिला पोहता येत नव्हते. एक जण म्हणाला की ती कधी रागावली नाही. जुळाऱ्याच्या खिशात मी हललो, कारण तो हसला होता. ती रोज रागावायची. ते सगळे तिला वाढवून, फुगवून, ताणून सांगत होते, आणि तिची मूळची बारकी, चिडकी, भुशात माखलेली आकृती त्यात दिसेनाशी झाली. मी असे कधी केले नसते.

भाऊ म्हणाला, “माझी बहीण थोर होती.”

जुळारी बसल्या जागेवरून म्हणाला, “थोर म्हणजे मुळात जाड. स्थूल. तिनंच सांगितलंय.”

सभेत खसखस पिकली आणि लगेच थांबली. भाऊ लाल झाला. पण तो पुढे बोलला. “तिची शेवटची नोंद मी पूर्ण केली आहे. ‘वाढवणे’, म्हणजे कापणे. दोन्ही कान भरले आहेत. पहिला कान माझा. दुसरा कान तिचा. हीच तिला श्रद्धांजली.”

जुळारी उभा राहिला. “तिनं हे ऐकलेलं नाही.”

“भाऊजी, बसा.”

“तिला आठवत नव्हतं. मला स्वतः म्हणाली. तिच्या नावावर खोटं लिहायचं नाही.”

“हे घर नाही, सभा आहे.”

“तर मग सभेत खोटं बोलू नका.”

दोघातिघांनी त्याला धरून बाहेर नेले. जिन्यात त्याची लेक त्याच्या मागे धावत आली. ती आता मोठी झाली होती, नोकरी करणारी. “बाबा, मामांना लोकांसमोर असं बोलायचं नसतं,” ती म्हणाली. तो म्हणाला, “मग कुणासमोर बोलायचं? तुझ्या आईसमोर?” ती जिन्यातच बसली.

माझी खरी गोष्ट पुढे छापखान्यात घडली. जुळारी दुखवट्याच्या सुट्टीवर असताना दुसऱ्याने ते पान जुळवून ठेवले होते. तो कामावर परत आला तेव्हा ते दगडी टेबलावर बांधलेले होते, छापायला तयार. त्याने मला पानावर धरले. शिशातली उलटी अक्षरे वाचायला त्याला कष्ट पडत नाहीत. तो तळापर्यंत गेला. दुसऱ्या कानापुढे तिचे नाव होते.

त्याने पानाचा दोरा सोडला. ओळी ढासळल्या. मग त्याने एकेक खिळा उचलून आपापल्या खणात परत टाकायला सुरुवात केली. ‘वा’ वाच्या खणात, ‘ढ’ ढच्या खणात. हात शांत होता, तोंड नव्हते. ते मी इथे लिहीत नाही, कारण तुम्ही मुले आहात.

भावाला कळायला वेळ लागला नाही. तो आला, आणि त्याच्या मागोमाग लेक आली, कारण कुणीतरी तिला फोन केला होता.

“पान मोडलंत?”

“मोडलं.”

“कोणाच्या परवानगीनं?”

“जिचं नाव होतं तिच्या.”

“ती माझी बहीण होती, भाऊजी. तुम्ही तिला लग्नापासून ओळखता. मी जन्मापासून.”

“म्हणून तिच्या तोंडात काहीही घालायचं?”

“काहीही नाही!” भाऊ ओरडला. यंत्रावरची माणसे वळून बघू लागली. “मी ऐकलंय. आमचे बाबा म्हणायचे. करवत घ्यायचे आणि म्हणायचे, बारके, तिकडून धर, एवढी वाढवून घेऊ. ती फळीचं टोक धरून उभी असायची. तिच्या अंगावर भुसा पडायचा. तिच्या कानांवर पडलंय ते, माझ्यादेखत. मग दुसरा कान तिचा नाही तर कुणाचा?”

जुळारी थांबला. हातातला खिळा हातातच राहिला.

“तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?”

भाऊ टेबलावर विखुरलेल्या खिळ्यांकडे बघू लागला.

“ती सुतारांच्या दारोदार फिरत होती. सुजलेल्या पायांनी फिरत होती. लोक तिला हसत होते. आणि तुम्हाला माहीत होतं?”

“सांगितलं असतं तर तिचा कान बिघडला असता,” भाऊ म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. “मी वाट बघत होतो. तिला आपोआप आठवेल म्हणून. रोज सकाळी आली की मी तिच्या तोंडाकडे बघायचो. आज आठवलं असेल. आज म्हणेल. नियम होता, भाऊजी. तिचा माझ्यापेक्षा जास्त होता.”

“वाट बघत होतात!” जुळाऱ्याने हातातला खिळा टेबलावर आपटला. “एक शब्द बोलला असतात तर ती घरी बसली असती. पाय वर करून बसली असती!”

तो भावाच्या अंगावर गेला. सदरा धरला. यंत्राचा माणूस पुढे आला, पण त्याच्या आधी लेक मध्ये शिरली. तिने बापाचा हात मनगटात धरला.

“बाबा, सोडा. आईला माहीत असतं आणि मामांना नसतं, तर आईनं काय केलं असतं?”

त्याने सदरा सोडला नाही.

“ती बोलली असती का? खरं सांगा.”

त्याने सदरा सोडला. “नसती बोलली,” तो म्हणाला. “मेली असती पण बोलली नसती.”

मित्रांनो, इथे दोघांनी एकमेकांना मिठी मारली असे सांगितले तर तुम्हाला बरे वाटेल. तसे झाले नाही. भाऊ सदरा सारखा करून म्हणाला, “म्हणजे मी जे केलं ते तिनंही केलं असतं.” जुळारी म्हणाला, “पण मेल्यावर माझं नाव खोटं लिहा असं ती म्हणाली नसती.” भाऊ म्हणाला, “खोटं नाही ते. तिनं ऐकलं होतं.” जुळारी म्हणाला, “ऐकलेलं वेगळं आणि सांगितलेलं वेगळं. नियम तुमचा आहे. मला शिकवू नका.” भाऊ खिशातून ते कार्ड काढून दगडी टेबलावर ठेवून निघून गेला. जाताना दार इतक्या जोराने लावले की खणांतले खिळे वाजले.

जुळाऱ्याने मला कार्डावर धरले. पहिल्या कानापुढे भावाचे नाव होते. दुसऱ्यापुढे तिचे नाव, भावाच्याच अक्षरात. त्याने पेन घेतले आणि तिच्या नावावर एक रेघ ओढली. रेघ जराशी वाकडी गेली. मी ती वाकडीच दाखवली.

आता माझ्याबद्दल. मी म्हातारा झालो आहे. टवक्याच्या जागी अक्षर फुटून दिसते. मला पुसायचे असेल तर मऊ कापडाने पुसा, सदऱ्याच्या टोकाने नको; त्याने चरे पडतात आणि मग मी खोटे बोलू लागतो. मला उन्हात धरू नका. आणि तुमच्या घरातले कुणी गेले तर त्याला मोठे करू नका. जसे होते तेवढेच ठेवा, चिडके होते तर चिडके, विसरभोळे होते तर विसरभोळे. मोठे करायला माझ्यासारखी काच पुरे आहे, आणि मीसुद्धा नसलेले काही घालत नाही. भावावरचा माझा राग गेलेला नाही. जुळाऱ्यावरही थोडा आहे, कारण रोज संध्याकाळी तो मला टेबलावर ठेवतो आणि बराच वेळ काहीच वाचत नाही.

दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप द्यायचा असला तर लेकीमार्फत देतात. कोशाचा तो भाग बाकी सगळा छापून झाला, विस्तार, ताणणे, फुगणे, अगदी सूजसुद्धा. ती तिच्या भावाने लिहिली आणि नीट लिहिली, हे मला मान्य करावे लागते. लेक कार्यालयात कधीमधी मदतीला जाऊ लागली आहे. मामाने तिला नियम समजावून दिला आहे, आणि ती सुट्टीच्या दिवशी सुतारांच्या शेडमध्ये जाऊन बसते. पण ‘एवढी वाढवून घेऊ’ हे शब्द तिने छापखान्यातल्या भांडणात आधीच ऐकले आहेत. त्यामुळे तिचा कान चालत नाही. तिला दुसरे कुणीतरी शोधावे लागणार आहे, ज्याला हे काहीच माहीत नाही.

असा माणूस अजून मिळालेला नाही.